आढ्यावरचे तीस कोने

६ एप्रिल २०२५, रविवार

आज आढ्याचा, म्हणजे छपराच्या माथ्यावरचा, पाईप चढला. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात आमचं मातीच्या भिंतींचं जुनं घर बसलं, तेव्हापासून आई गोठ्याला लागून काढलेल्या पत्र्याच्या खोलीत राहते. आता त्याच जोत्यावर विटांचं घर उभं राहतंय. मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर असतो. वाडी जांबोटी रस्त्यापासून आत, गाडीवरून तासाभराची वाट. म्हणजे काम आठवडाभर चालणार आणि मी ते रविवारी बघणार. म्हणूनच ही वही.

स्लॅब घालावा असं भावाचं म्हणणं होतं. आईला कौलंच हवी होती. पश्चिम खानापुरातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कारण सांगायला नको. स्लॅबवर पाणी थांबतं, कौलांवरून ते पळतं. लाकूड परवडत नाही, म्हणून वासे, रिपा आणि आढं सगळं लोखंडी पाइपाचं.

मापं लिहून ठेवतो. आढं पूर्व-पश्चिम, दोन्ही टोकांना दोन-दोन फूट बाहेर काढून एकूण ३४ फूट. पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, दोन: उत्तरेची आणि दक्षिणेची. उतार ३० अंश, म्हणजे १२ इंच आडवं गेलं की साधारण ७ इंच चढ. वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून, आढ्यापर्यंत पाखं सव्वापंधरा फूट. बारा वासे, आणि कौल अडकवायला प्रत्येक पाख्यावर १४ रिपा.

उत्तरेच्या रिपा आज माझ्यासमोर लागल्या. दोन रिपांमध्ये १३ इंच. टेप मीच धरला होता.

१३ एप्रिल

कौलं आली. गाडीवाला कन्नड, पावतीवर 'हंचु'. दीड हजार कौलं आणि ३६ कोने. कोना म्हणजे आढ्यावर पालथं घालायचं कौल. दोन पाखी जिथं भेटतात तिथली फट त्यानं झाकायची. एका तोंडाला त्याला गळपट्टी असते, पुढच्या कोन्याचं शेपूट तिच्यावर बसतं. उतरवताना दोन कोने फुटले. राहिले ३४.

मी कॅलिपर घेऊनच आलो होतो. भावानं टिंगल केली, पण मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोना १६ इंच लांब. त्यातले २ इंच गळपट्टीत जातात, कामाला उरतात १४. ३४ फूट म्हणजे ४०८ इंच, म्हणजे ३० कोने. मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना त्याचे पंख ६-६ इंच. पंखांमधला कोन १२० अंशांच्या आसपास, आणि ३० अंशांची दोन पाखी भेटतात तेव्हा मधला कोनही बरोबर १२० होतो. उतार जास्त उभा असता तर हाच कोना वर बसून डुलला असता.

एक कौल कोरडं तोललं, २ किलो ४५० ग्रॅम. ते दिवसभर बादलीत बुडवून ठेवायला आईला सांगितलंय.

जुन्या घराची तीनेकशे कौलं गोठ्यावर आहेत. त्यातल्या काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ साल. वाडीत सगळे छातीठोकपणे सांगतात की आमचं घर १८६५ चं. ते साल कौलाचं नाही, कारखान्याचं आहे. जर्मन मिशनरी गेओर्ग प्लेब्स्ट यानं मंगळूरला नेत्रावतीच्या काठी जेप्पूत तो सुरू केला त्या वर्षाचं. पुढं वर्षानुवर्षं तो शिक्का तसाच उठत राहिला. हे मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी शेजारणीला पुन्हा १८६५ च सांगितलं.

१४ एप्रिल

आईचा फोन. भिजलेलं कौल २ किलो ८०० ग्रॅम भरलं. शेकडा १४ पाणी प्यायलं. चौदाशे कौलं चढली की छपरावर साडेतीन टन, आणि भर पावसाळ्यात त्यात पाच क्विंटलच्या आसपास नुसतं पाणी. वेल्डिंगवाल्याला आढ्याखाली आणखी एक टेकू द्यायला सांगितलं.

२० एप्रिल

दक्षिणेच्या रिपा आठवड्यात लागून गेल्या. मी दोरी धरून बघितली, सगळ्या सरळ आहेत. वेल्डिंग चांगलं. रंगाचा पहिला हात झाला.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

सुट्टी टाकून आलो. मुहूर्तावर पहिलं कौल आईनं दिलं. वाडीतली पोरं रांगेनं उभी राहून हातोहात कौलं वर पाठवत होती. संध्याकाळपर्यंत उत्तरेचं पाखं पुरं झालं. जेवायला भात, हुलग्याचं कळण आणि पोरांना सरबत. दक्षिणेचं पाखं शनिवारी होईल.

११ मे

आज कोने. सकाळी सातला मेस्त्री आले, ते थेट पश्चिमेच्या टोकाला चढले आणि तिथून लावायला सुरुवात करणार इतक्यात थोरले मामा अंगणात उभे राहून ओरडले, "उगवतीकडनं धर ओ मेस्त्री! वाऱ्याच्या तोंडात तोंड दिऊलाय काय?"

मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरं शाकारली. मृगाच्या आधी महिनाभर ते स्वतःच्या घरात जेवायला नसत. आता गुडघे गेलेत, वर चढत नाहीत. पण त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं. आमच्याकडे पाऊस चोर्ला घाटाकडून येतो, मावळतीचा वारा घेऊन. प्रत्येक कोना शेजारच्या कोन्यावर चढून बसतो, त्याची उघडी कड उगवतीकडे राहिली पाहिजे, म्हणजे वारा त्या कडेवरून निघून जातो. उलटं लावलं तर एकोणतीसच्या एकोणतीस सांधे वाऱ्यापुढे तोंड वासून बसणार. म्हणून पहिला कोना पूर्वेच्या टोकाला आणि शेवटचा पश्चिमेला.

मेस्त्रींनी तोंड वाकडं केलं, पण पूर्वेकडनं सुरुवात केली.

मालाबद्दल मात्र मामांचं कोणी ऐकलं नाही, मीही नाही. मेस्त्रींनी सिमेंट-वाळूचा एकास तीन माल कालवला, त्यात कौलाशी रंग जुळावा म्हणून लाल काव. "आढं म्हणजे घराचा माथा, तितं हात आखडायचा न्हाई." कोन्याच्या पोटात गच्च माल भरला, कडेनं घोटून घेतला. दक्षिणेच्या बाजूला माल जास्त लागत होता, तेव्हा त्यांनी त्यात फुटक्या कौलांचे तुकडे दाबले. ते मी खालून बघत होतो. का जास्त लागतोय, हे विचारलं नाही.

चार वाजता शेवटचा कोना बसला. रस्त्यावरून बघितलं तर आढं एका रेषेत, लालभडक. फोटो काढून भावाला पाठवला.

२१ मे, बुधवार

मधल्या सुट्टीत आईचा फोन. काल रात्रीपासून पाऊस. मृगाला अजून पंधरा दिवस आणि हा आताच. "माजघरात तीन जागी टिपकूलंय. आढ्याखालनं."

तीन जागी म्हणजे कुठं, हे तिनं पावलांनी मोजून सांगितलं. दारापासून सहा, अकरा आणि एकोणीस पावलांवर. माझी आईच ती.

२५ मे

मान्सून काल केरळात पोचला, आठवडाभर आधी. आज सकाळी उघडीप होती, तेवढ्यात चढून बघितलं. दक्षिणेकडच्या मालाला केसासारख्या चिरा, पंखाच्या कडेला लागून आडव्या. दोन ठिकाणी कोन्यांच्या सांध्यात उभ्या.

मेस्त्री म्हणाले, "एवढं काय न्हाई ओ मालक, नव्या मालाला केस पडतातच." पातळ सिमेंटमध्ये दुकानातून आणलेलं औषध कालवून ब्रशनं दोन हात मारले. औषधाचे पैसे माझे, मजुरी त्यांनी घेतली नाही. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे लिहून ठेवतो.

१५ जून

पुन्हा तेच. आणि आता टिपकणं पाऊस थांबल्यावरही दोन-दोन तास चालू राहतं. माल आत भिजतो, वरून औषधानं बंद केलेला, त्यामुळे प्यायलेलं पाणी खालीच सोडतो. म्हणजे उपायानं दुखणं वाढवलं.

चिरा का पडल्या, याचा हिशेब मी कारखान्यात मांडला. फाउंड्रीतून उष्णता मोजायची बंदूक मागून आणली होती आणि मे महिन्यात आढ्याच्या पाइपावर धरून बघितली होती. पहाटे २१, दुपारी ५२. पोलाद एका मीटरला एका अंशाला १२ मायक्रॉन वाढतं. आमचं आढं १०.४ मीटर. ३१ अंशांना ते जवळजवळ ४ मिलिमीटर लांबतं, रोज, आणि रात्री परत आखडतं. भाजलेली माती वाढते त्याच्या साधारण निम्मी. दोघांत रोज दोनेक मिलिमीटरची ओढाताण. माल हलका असता तर ती एकोणतीस सांध्यांत वाटली गेली असती, कुणाला दिसलीही नसती. एकास तीनचा माल दगडासारखा. तो वाटून घेत नाही, त्याला सोसवत नाही तिथं तडकतो.

हा हिशेब लिहून मी खूश झालो. वाटलं, रोग सापडला.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपास आणि उघडीप एकाच दिवशी. आईनं कपड्यांची नीळ दिली. बादलीत कालवून मी आढ्यावर बसलो, भाऊ खाली माजघरात बॅटरी घेऊन. प्रत्येक सांध्यावर एक-एक तांब्या निळं पाणी सावकाश ओतलं. चिरांवरही ओतलं. ज्यांचा मी एवढा हिशेब मांडला त्याच चिरांवर.

खाली काही नाही. तीस कोने झाले, भाऊ म्हणाला, "एक थेंब न्हाई. उतर आता, चहा पी."

निळी वळचण घेऊन आम्ही हसत बसलो होतो. मग भावाच्या पोरानं गोठा धुवायचा पाईप आणला आणि खेळता खेळता खालून वर, वळचणीकडून आढ्याकडे, दक्षिणेच्या पाख्यावर जोरात धार सोडली. आतून आईची हाक आली. अकरा पावलांवर टिपकायला लागलं होतं. पाणी साधं, निळं नव्हे.

म्हणजे वरून खाली पडणारं पाणी कोना व्यवस्थित अडवतोय. आत येतंय ते खालून वर ढकललेलं पाणी. वारा पाख्यावरून पावसाला रेटत वर नेतो आणि कोन्याच्या पंखाखाली घुसवतो. उत्तरेच्या पाख्यावर तशीच धार सोडली, तितक्याच जोरानं, तितकाच वेळ. कोरडं.

तोच माल, तेच कोने, तेच हात. एक बाजू गळते आणि दुसरी नाही. माझा उष्णतेचा हिशेब खोटा नाही, पण तो तर दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. चिरा होत्या. दुखणं चिरांत नव्हतं.

१३ जुलै

मामांना आणलं. ते वर चढले नाहीत. माजघरात कॉटवर स्टूल ठेवून त्यावर मला उभं केलं आणि खालून बॅटरी धरली. मी आढ्याकडे बघायला लागलो तर म्हणाले, "वर काय बघूलाईस? आढं कायबी करत न्हाई. वळचणीपासनं मोज."

मला रिपा मोजायला लावल्या. उत्तरेकडे दोन रिपांत १३ इंच, सगळीकडे १३. दक्षिणेकडे पावणेतेरा. पुढची पावणेतेरा. त्याच्या पुढची पावणेतेरा. चौथ्या रिपेला मी मोजायचं थांबवलं, कारण माझे कान गरम झाले होते.

चौदा रिपांत तेरा अंतरं. प्रत्येकात पाव इंच कमी. एकूण सव्वातीन इंच.

ते सव्वातीन इंच जाणार कुठं? वळचणीची पहिली रीप दोन्हीकडे एकाच जागी, कारण तिथं पागोळीची रेषा सारखी दिसायला हवी. आढं एकच. त्यामुळे कमी पडलेलं सगळं शेवटी, आढ्याजवळ. उत्तरेला वरच्या ओळीच्या कौलांची डोकी आढ्याच्या रेषेपासून २ इंचांवर थांबतात. कोन्याचा पंख ६ इंच, म्हणजे ४ इंच कौलावर पांघरतो. दक्षिणेला डोकी सव्वापाच इंचांवर. पंख कौलावर चढतो फक्त पाऊण इंच. बाहेरून बघितलं तर पंखाची कड दोन्हीकडे कौलावरच टेकलेली दिसते. पाऊण इंच काय आणि चार इंच काय, रस्त्यावरून सारखेच.

आणि ती मधली सव्वापाच इंचांची फट भरायलाच मेस्त्रींना दक्षिणेकडे माल आणि कौलांचे तुकडे जास्त लागत होते. ११ मेला मी ते बघितलं होतं. वहीतसुद्धा लिहिलं होतं.

मामांनी हातोडीनं आतून एक ढेकूळ पाडलं. ओलं, जड. ते हातात धरून ते बोलले ते जसंच्या तसं लिहितो. "सिमेट पानी आडवायला नसतंय रे. कोना वाऱ्यानं हलू नये म्हणून चिमूटभर लावायचं. पानी आडवतंय ते पांघरूण. आनि कोन्याचं पोट रिकामं पायजे. चुकून आत गेलेलं पानी पोटातनं कौलावर उतरतंय आनि कौलावरनं वळचणीला जातंय. तुमी पोटच भरून टाकलासा. आता ते जाईल कुठं?"

रात्री झोप लागली नाही. लेथवर शिकताना पहिल्या महिन्यात शिकवतात, दहा भोकं पाडायची असतील तर एकावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं मोजायचं नाही. सगळी मापं एकाच कडेपासून घ्यायची. नाहीतर प्रत्येकाची चूक पुढच्याच्या खांद्यावर चढते. हे मी स्वतः तीन पोरांना शिकवलंय. घराच्या छपरावर मात्र दोरी धरून 'सरळ आहेत' म्हणालो. सरळ होत्याच.

१४ जुलै

वेल्डिंगवाल्याला फोन केला. भांडायच्या तयारीनं केला होता. तो म्हणाला, "दादा, तुम्ही रविवारी टेप धरला, तवा तेरा लावलं. बाकीच्या दिवशी माझा तुकडा हाय की." त्याच्याकडे पाइपाचा कापलेला एक तुकडा आहे. रिपेला टेकवायचा, पुढची रीप ठेवायची, टाका मारायचा, तुकडा पुढं सरकवायचा. टेप लागत नाही, काम भरभर होतं. तुकडा पावणेतेराचा. तोच सगळीकडे चालतो म्हणाला. त्याला १३ असं लिहून कोणी दिलं होतं? मी नाही.

२० जुलै

आता पर्याय. पहिला, कोन्यांखाली पत्र्याची पट्टी घालायची, दक्षिणेकडे रुंद. कागदावर हे सोपं दिसतं. पण मंगळुरी कौल सपाट नाही, त्याला पन्हळी आहेत. कडक जस्ती पत्रा त्या पन्हळींवर आडवा पडून राहणार आणि वारा प्रत्येक पन्हळीतून पाणी वर घालणार. मऊ ॲल्युमिनियम लाकडी हातोडीनं ठोकून पन्हळीत बसवता येतं, पण ओला सिमेंटचा माल ॲल्युमिनियमला खातो, मध्ये डांबराचा हात हवा. कारखान्यात एक फूटभर नमुना करूनही बघितला. जमलं. मामांना दाखवला तर म्हणाले, "चांगलं केलाईस. आता ह्या पट्टीखाली काय चुकलंय ते किती वर्षं लपवायचं?"

दुसरा पर्याय रिपा सरकवायचा. तो भर पावसात होत नाही.

तोवर ताडपत्री. आढ्यावरून दक्षिणेला पाच फूट, दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधून लोंबकळत ठेवल्या. नवं घर, डोक्याला निळं फडकं बांधल्यासारखं. जांबोटीला जाणारी बस वळणावर आली की त्यातली माणसं बघतात.

२७ ऑगस्ट

गणपती बसले, उत्तरेच्या कोरड्या बाजूला. पाहुण्यांपैकी प्रत्येकानं ताडपत्रीचं कारण विचारलं. पहिल्या सहा जणांना मी रिपांसकट समजावलं. नंतर आई परस्पर सांगायला लागली, "काम चालू हाय."

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी झाली, सुगीच्या गडबडीतून माणसं मिळाली. चार दिवस सुट्टी टाकली. वेल्डिंगवाला, मेस्त्री, मी, भाऊ. मामा अंगणात खुर्ची टाकून.

सगळे सव्वातीन इंच परत मिळवायची गरज नाही, हे कागदावर आधीच सोडवलं होतं. पांघरूण ३ इंच झालं तरी पुरे, म्हणजे सव्वादोन इंच मिळवायचे. पाव-पाव इंचाची नऊ अंतरं. खालच्या पाच रिपा आहेत तिथंच राहू द्यायच्या. सहावी पाव इंच वर, सातवी अर्धा, आठवी पाऊण, अशी चौदावी सव्वादोन इंच वर. कौल १६ इंचांचं, रिपांतलं अंतर १३ झालं तरी खालच्या कौलावर ३ इंच चढतं. पाणी परत फिरायला तेवढं पुष्कळ.

ह्या वेळी तुकडा नाही, टेपही नाही. मी कारखान्यातून सागाची एक सरळ पट्टी आणली. तिच्यावर वळचणीच्या रिपेला शून्य धरून १३, २६, ३९ असे सगळे टप्पे सुरीनं कोरले आणि आत तेलरंग भरला. पाच रिपा जुन्या मापावर राहिल्यात, म्हणून ह्या घरासाठी पट्टीच्या मागच्या अंगावर वेगळ्या खुणा. पुढचं अंग नव्या घराचं, जसं व्हायला हवं होतं तसं.

आज कोने काढले. एकास तीनचा माल छिन्नीला दाद देईना. सात कोने फुटले.

७ नोव्हेंबर

दक्षिणेची वरच्या नऊ ओळींची साडेचारशे कौलं उतरवून अंगणात ओळीनं लावली. दुपारपासून ग्राइंडर. बारा वासे, नऊ रिपा, १०८ टाके. आवाजानं गोठ्यातली म्हैस दूध चोरायला लागली म्हणून आई वैतागली. रात्री बल्ब लावून नव्या जागी टाके मारले. प्रत्येक रिपेला पट्टी पूर्वेला, मध्ये आणि पश्चिमेला अशी तीनदा लावून. वेल्डिंगवाला पहिल्या दोन रिपांना कंटाळला, तिसरीपासून स्वतःच मागायला लागला, "पट्टी आणा."

८ नोव्हेंबर

टाक्यांवर रंग, कौलं परत वर. मी खानापूरला. शिल्लक चार कोने होते, सात फुटले, म्हणजे तीन कमी. पिशवीत नमुन्याचा एक कोना घेऊन दुकानं फिरलो. प्रत्येक कारखान्याची गळपट्टी वेगळी. एकाचा कोना दुसऱ्यावर बसवायला गेलं की एक तर डुलतो, नाहीतर अर्धा इंच वर राहतो. दिसायला सगळे भाऊ-भाऊ. तिसऱ्या दुकानात त्याच शिक्क्याचे मिळाले. दुकानदार पिशवीतला कोना बघून म्हणाला, "असं नमुना घेऊन येणारं गिऱ्हाईक हजारात एक." गोठ्याच्या जुन्या आढ्यावरचा एक कोनाही मी सोबत नेला होता, उगाच. तो कुठल्याच नव्यावर बसला नाही.

९ नोव्हेंबर

कोने बसले, पूर्वेकडून पश्चिमेकडे. माल ह्या वेळी एकास सहा, थोडा चुना घालून, कोने आधी पाण्यात भिजवून. दोन्ही पंखांच्या कडांखाली बोटभर जाडीची वात आणि सांध्यावर थोडा. पोट रिकामं. मेस्त्रींच्या हाताला सवय नाही, थापी पुन्हा पुन्हा मधोमध जायची. मामा खालून, "पोट, पोट!" शेवटी मेस्त्रीही हसायला लागले. माल उरला. त्यांनी तो तुळशीकट्ट्याला वापरला.

मी प्रत्येक कोन्याजवळ दक्षिणेचं पांघरूण मोजलं. सर्वांत कमी पावणेतीन, सर्वांत जास्त सव्वातीन. उत्तरेला चार.

१६ नोव्हेंबर

पाण्याची परीक्षा. माल आठवडाभर पाण्यानं भिजवत ठेवला होता, चिरा नाहीत. गोठ्याचा पाईप, तोच पोरगा, तोच जोर, खालून वर, दहा मिनिटं. आई माजघरात अकरा पावलांवर उभी. कोरडं. एकोणीस पावलांवर एक थेंब पडला. माझं काळीज हललं. वर जाऊन बघितलं तर तो काचेच्या कौलाच्या कडेचा होता, कोन्याचा नव्हता. कौल सरकवलं, थांबला.

ताडपत्री घडी करून माळ्यावर.

संध्याकाळी मामा निघताना सागाची पट्टी घेऊन गेले. वरल्या आवाठात, म्हणजे वरच्या वस्तीत, एक घर होतंय, वासे परवा चढणार. ते गेल्यावर अर्ध्या तासानं मला आठवलं की तिच्यावरचे टप्पे आमच्या कौलाचे आहेत. फोन केला, "मामा, पट्टी लावायच्या आधी त्यांचं कौल मोजून घ्या. कारखाना दुसरा असेल तर तेरा चालणार नाही."

"मोजलो," मामा म्हणाले. "त्यांचं पावणेतेराच बसतंय. तुज्या वेल्डिंगवाल्याचा तुकडा हितलाच हाय बघ, गेल्या साली ह्यांच्याच गोठ्याला कापलेला."

पट्टीचं मागचं अंग अजून अर्धं कोरं आहे. उद्या सुरी घेऊन जातो.